चाकामागचा चिरा

मी शाळेत जेवढी वर्षं काढली, त्याच्या बरोबर दुप्पट वर्षं आमच्या गाडीने आमच्याकडे येण्याआधी रस्त्यावर काढली होती. मी सातवीनंतर दप्तर टाकलं. गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिला चौदावं सरलं होतं. आणखी एक साम्य म्हणजे सकाळी मागून कुणी ढकलल्याशिवाय आम्ही दोघंही हलत नसू.

अकरा वर्षं झाली, मी मस्कतला एका बेकरीत पीठ मळतो. सातवी पास पोराला मामाने तिथे नेऊन चिकटवलं, त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. (दर शुक्रवारी फोन करून त्याचे आभार मानतो. हल्ली तो शुक्रवारी फोन उचलत नाही.) स्वभावाने मी भित्रा. भट्टी बंद केली की नाही हे बघायला मी तीनदा मागे जातो, आणि तिसऱ्यांदा बघून आलो हे खरं की भास, या विचाराने चौथ्यांदा.

तर अशा माणसाने ठरवलं, की आता पुरे झालं, घरी परतायचं! आमचं गाव रत्नागिरीकडच्या पालीपासून थोडं आत. तिथे घरामागे आपली भट्टी घालायची, पाव-बटर-खारी करायची आणि पालीपासून थेट पूर्णगडपर्यंत गावोगाव पोचवायची. आईचा एकच धोशा होता, "मी डोळे मिटायच्या आधी ये मेल्या, नंतर येऊन काय करशील? पाव कोणाला खायला घालशील?" म्हणून गेल्या वर्षी शिमगा झाल्यावर दोन महिन्यांची रजा काढून आलो. पहिल्या महिन्यात भट्टी उभी राहिली. विटा लावताना आई रोज खुर्ची टाकून समोर बसायची. भट्टी पुरी झाली त्या दिवशी तिने तिला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाली, "आता तू सुटलास बाबा त्या वाळवंटातनं."

राहिली गाडी. गाडीशिवाय पाव फक्त आमच्या वाडीने खाल्ला असता, आणि आमच्या वाडीत फुकटच द्यावा लागला असता.

आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे दत्तूतात्या राहतात. त्यांच्याकडे एक पांढरी, सात माणसांची गाडी होती. (पांढरी हे तात्यांचं मत.) ती विकायची आहे असं कळलं म्हणून बघायला गेलो. काट्यावर आकडा होता दोन लाख शहाऐंशी हजार किलोमीटर!

"तात्यानू, खूप फिरलीय ओ."

"फिरली म्हणजे? माझ्या जावयानं हिशेब केलान. चंद्रापर्यंतचा पाऊण रस्ता झालाय तिचा! उरलेला तू कर. तुझा नाव चंद्रकांतच हाय."

तात्या प्रामाणिक माणूस. गाडीतला एकही दोष लपवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. फक्त त्यांना ते दोष वाटत नव्हते.

"हा मागचा दरवाजा आतून उघडत नाय. भायरून उघडतो. आणि लावताना जरा जोरात आपटायचा."

"मग आतल्या माणसानं उतरायचं कसं?"

"भायरच्या माणसाशी चांगला वागायचा! आणि हे बघ, डावीकडे वळलास की हॉर्न आपोआप वाजतो."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे कशाला वाजेल? बिघडलाय काय तो?"

"हँडब्रेक?"

तात्या मागे गेले, डिकी उघडली आणि दोन्ही हातांनी जांभ्या दगडाचा अर्धा चिरा बाहेर काढला. एखादा वंशपरंपरागत दागिना दाखवावा तसा माझ्यासमोर धरला.

"हा. चाकामागे लावायचा. नऊ वर्षांत एकदा फेल गेलेला नाय. गियरमध्ये मात्र उभी करू नको हां, अडकला की निघत नाय मग."

गाडी घेऊन आम्ही पालीच्या मिस्त्रीकडे गेलो. वाटेत डावीकडे अकरा वळणं आहेत, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"इंजिन बरं आहे ना?"

"बरा म्हणजे, या वयात असावा तेवढा बरा हाय."

"मग घेऊ?"

"घे की बिनधास्त. चांगली हाय."

"आणि घाटात बंद पडली तर?"

मिस्त्रीने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "बंद पडणार असेल, तर मग घेऊ नको."

एवढा स्पष्ट सल्ला मिळाल्यावर मी घरी येऊन मैद्याच्या रिकाम्या पिशवीवर मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'घ्यावी', दुसऱ्या बाजूला 'नको'. चार दिवस लिहीत होतो. शेवटी वाचून पाहिलं, तर दोन्हीकडे तीच कारणं होती! 'जुनी आहे' हे दोन्हीकडे. 'तात्यांची आहे' हेही दोन्हीकडे. आईने पिशवी माझ्या हातातून ओढली, झटकली आणि तिच्यात कांदे भरले.

"देवाला विचार," ती म्हणाली. "तो तुझ्यासारखा घाबरट नाय."

आमच्याकडे मोठं काही करायचं तर ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे टक लावून बघत बसतात. देवाच्या उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. दोन्ही नाही पडल्या तर गप्प बसायचं. लग्नं, विहिरी, मुंबईच्या खोल्या असं सगळं आमच्या देवाने निस्तरलं आहे. गाडी म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ! (नंतर लक्षात आलं, डावा हातच गोत्यात आणणार होता.)

भाऊ गुरवांनी पाकळ्या लावल्या आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरू समुद्रापलीकडना आलाय. ह्याला दत्तूची गाडी घ्यायची हाय. घेतलान तर ह्याचा बरा होईल काय नाय, ता तूच सांग म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी आणि आई.

अर्ध्या मिनिटात डावी पाकळी टपकली. एवढ्या तातडीने देव माझ्याशी आयुष्यात बोलला नव्हता!

खरं सांगतो, मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. ठरवायची जबाबदारी डोक्यावरून उतरली. देवाचे मनापासून आभार मानले आणि तात्यांना नम्रपणे नाही सांगायला गेलो. बघतो तर तात्यांनी गाडी धुतली होती, बॉनेटवर झेंडूची माळ घातली होती आणि चाकाखाली नारळ फोडला होता.

"ये चंदू, ये! ने आता तुझी गाडी."

"तात्यानू, देव नको म्हणाला."

"नको? मेल्या, गेल्या सोमवारी मी कौल लावलाय! चंदूला गाडी देऊ काय, म्हणून. उजवा दिलान! चटकन दिलान!"

"मला पण चटकनच दिला. डावा."

आम्ही दोघं माळ घातलेल्या गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडे बघत राहिलो. देवाने तात्यांना विकायला सांगितलं होतं आणि मला घ्यायला मनाई केली होती! तात्यांना आता गाडी ठेवता येत नव्हती, दुसऱ्याला विकता येत नव्हती (कौलात माझं नाव होतं), आणि मला ती घेता येत नव्हती.

तसेच गुरवांकडे गेलो. भाऊ गुरव नारळीच्या झापा विणत होते. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं.

"दत्तू, तू काय इचारलावतास?"

"चंदूला गाडी दिली तर माझा बरा होईल काय?"

"आणि ह्याच्यासाठी मी इचारला, गाडी घेतलान तर ह्याचा बरा होईल काय." गुरवांनी झाप खाली ठेवली. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला. "मग बरोबर हाय की! गाडी गेली तर दत्तूचा बरा होणार. आली तर तुझा वाट्टोळा होणार. दोन्ही कौल खरे! आमचा देव चुकत नाय!"

तात्या वरमले. मीही वरमलो, का ते अजून कळलेलं नाही.

"पण मग करायचं काय?"

"आता दोघांचा मिळून एक कौल. रविवारी. आणि गाडी पण घेऊन या. ज्याच्यावरनं वाद, ता समोर पायजे."

रविवारी अर्धी वाडी देवळात हजर होती. देऊळ आमच्या घराच्या वर, चढावर आहे. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, आणि खाली शेवटच्या डाव्या वळणानंतर सरळ आमचं अंगण. तात्यांनी आरोपीला आणावं तशी गाडी आणून देवळासमोर, देवाकडे तोंड करून उभी केली, चाकामागे चिरा लावला आणि आत गेले.

गाऱ्हाण्याला सुरुवात झाली. या वेळी गुरवांना फट ठेवायची नव्हती. "बा देवा म्हाराजा! दत्तूनं गाडी दिलान आणि चंदूनं घेतलान, तर दोघांचा मिळून, एकाचा जास्त आणि दुसऱ्याचा कमी असा न होता..."

"गाडीचा पण विचारा!" मागून कुणीतरी.

"...आणि गाडीचा पण, बरा होईल काय?"

"टायर नवीन घालून की आहेत तेच?" दुसरा एक जण.

"...आहेत त्याच टायरांवर बरा होईल काय, ता सांग म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आणि देव गप्प. पाकळ्या जागच्या हलेनात! पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. कुणीतरी चहा आणला. दुपारची एसटी खालून येऊन गेली. "देव इचारात हाय," गुरव दर पाच मिनिटांनी जाहीर करत होते.

मी होतो शेवटच्या रांगेत. माझी उंची बेताची, आणि पुढे तात्यांचे दोन दणकट पुतणे. माझ्या आयुष्याचा निकाल लागणार, घरी राहायचं की परत मस्कतला जायचं ते ठरणार, आणि मला दिसतात काय तर पुतण्यांच्या माना! जीव कासावीस झाला. काहीतरी उभं राहायला मिळतं का बघायला बाहेर आलो. समोरच एक छान, सपाट, अर्धा चिरा दिसला. उचलला, आत आणला, त्यावर उभा राहिलो. वा! पाकळ्या स्वच्छ दिसू लागल्या. एवढी सोय केल्याबद्दल मी देवाचे आभारसुद्धा मानले!

तेवढ्यात आई कंटाळून उठली. तिचे गुडघे दुखतात. "देव सावकाश सांगू दे," ती पुटपुटली, "मी जरा गाडीत टेकते." ती बाहेर गेली. मागचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला. मग तात्यांनी सांगितलं होतं तसा, तिने तो जोरात आपटला.

धाड!

मग बाहेर कुरकुर असा बारीक आवाज.

तात्या वळले. "गाडी हलली काय रे?"

"छे, कशी हलेल?" पुतण्या म्हणाला. "चिरा आहे ना मागे."

तेव्हा मी माझ्या पायाखाली बघितलं.

बाहेर धावलो तर गाडी अगदी संथपणे, पालखीच्या चालीने, मागे मागे उतारावरून निघाली होती! पुढच्या काचेतून मागच्या सीटवर बसलेली आई दिसत होती. मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. ती आमच्याकडे बघत होती, आम्ही तिच्याकडे. अकरा वर्षांपूर्वी पालीच्या स्टँडवरून माझी एसटी सुटली, तेव्हा ती अशीच लहान लहान होत गेली होती. फक्त त्या वेळी मी हलत होतो.

"आये! उतर!"

तिने दरवाजा ढकलला. (आतून उघडत नाही! बाहेरच्या माणसाशी चांगलं वागायचं, आणि गाडीने वेग धरल्यामुळे बाहेरचा माणूस पन्नास पावलं मागे धापा टाकत होता!)

पुढे गाडी, मागे मी, माझ्या मागे तात्या, त्यांच्या मागे अर्धी वाडी. दोन्ही बाजूंना गडगे असल्यामुळे गाडीला भरकटायला वाव नव्हता. गडग्यांना खांदा घासत ती शिस्तीत चालली होती. शेवटच्या वळणावर हॉर्न वाजला. आपोआप! आमचा कुत्रा अदबीने बाजूला झाला. गाडी अंगणात शिरली, तुळस चुकवली, घराला वळसा घातला आणि मागच्या उतारावर माझ्या नव्या भट्टीत पाठ घालून थांबली. हळदकुंकवासकट भट्टी खाली बसली.

मी धावत पोचलो. "आये! लागलं काय गो तुला?"

"आधी दरवाजा उघड."

उघडला. ती उतरली, पदर नीट केला, गाडीकडे एकदा आणि भट्टीच्या ढिगाकडे एकदा पाहिलं. ढिगाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, "गाडी बरी हाय. एवढा उतार आलो, पण आवाज म्हणून नाय."

"आये, इंजिन बंद होतं!"

"मग तेलपण लागला नाय. घे."

सगळे तसेच पुन्हा चढ चढून देवळात गेले. निकाल अजून बाकी होता! तर गाभाऱ्याच्या दारात कुणाचीतरी शेळी उभी होती, शांतपणे तोंड हलवत. पाषाणावर एकही पाकळी नव्हती. देवाने उत्तर दिलं होतं आणि ते घ्यायला माणसांपैकी कुणीही जागेवर नव्हतं!

"कुठली आधी पडली?" तात्यांनी विचारलं.

"ता आता शेळीला ठाऊक," गुरव म्हणाले.

गुरव बराच वेळ शेळीकडे बघत होते. मग त्यांनी हात जोडले आणि निवाडा दिला. "देवानं चंदूला घे म्हणून सांगितलान नाय. पण गाडी घरपोच केलान. म्हणजे ही घेतलेली नाय, आलेली हाय. आलेल्याला नाय म्हणता येत नाय."

तात्यांच्या हातात मी जे ठेवलं त्याला, कौल मोडू नये म्हणून, 'मान' असं नाव देण्यात आलं. मान ठरलेल्या किमतीएवढाच होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. गाडी होती, पण भट्टी नव्हती. नवी भट्टी घालायला पुन्हा पीठ मळणं भाग होतं. रजा संपली. मस्कतच्या मॅनेजरांनी एका शब्दाने न बोलता मला परत ठेवून घेतलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. (त्यांनाही आता दर सोमवारी सांगतो.) निघताना मी भीतीने एसटीनेच स्टँडवर गेलो, आई मात्र आली ती माझ्याच गाडीतून. चालवत तात्या होते! "चंदू, तिची रीत मलाच ठाऊक," असं म्हणून चावी त्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतली आहे. बुधवारी आईला पालीच्या बाजाराला नेतात, महिन्यातून एकदा रत्नागिरीला डोळे दाखवायला. गाडी विकून झाली, मान मिळाला, आणि गाडी तात्यांच्याच दारात! तात्यांचं भलं झालं. माझं भट्टीसकट वाटोळं झालं. गुरव म्हणतात तेच खरं, देव चुकला नाही. मी मात्र गाडीचा मालक झाल्यापासून तिच्यात एकदाही बसलेलो नाही. मिस्त्रीकडची फेरी सोडली, तर आमचा एकत्र प्रवास एकच, देवळापासून भट्टीपर्यंतचा. ती पुढे होती आणि मी मागे धावत होतो.

या वर्षी भट्टीपुरतं जमलं. पालीचा गवंडी मजबूत भट्टी बांधतो म्हणाला, आणि या वेळी घराच्या दुसऱ्या अंगाला. पण इकडची नोकरी कायमची सोडू की नको, हे काही माझं ठरेना. आईच फोनवर म्हणाली, "देवाला विचारू काय?"

"विचार," मी म्हटलं. "मी तिथे नाही, म्हणजे चिरा जागेवर आहे. पण प्रश्न मी लिहून पाठवतो. गुरवांना तोच वाचा म्हणावं, एक शब्द इकडचा तिकडे नको."

चार दिवस खपून मी तो प्रश्न लिहिला. मैद्याच्या तीन पिशव्या खर्ची पडल्या. चंदू कायमचा घरी आला तर त्याचं, आईचं, तात्यांचं, गाडीचं आणि गावाचं सारखंच बरं होईल काय, असं एकही फट न ठेवता विचारलं. मस्कतच्या मॅनेजरांनासुद्धा त्यातून सोडलं नाही. गेल्या रविवारी आईचा फोन आला. आवाज आनंदाने भरून आला होता.

"उजवा दिलान रे! चटकन दिलान! ये म्हणालान!"

मी कॅलेंडर समोर ओढलं. "कधी ये म्हणाला आये?"

पलीकडे तिने गुरवांना विचारल्याचं ऐकू आलं, कागदाची फडफड ऐकू आली. मग ती परत फोनवर आली.

"ता तू लिवलावतास कुठे मेल्या?"